मिलनसार आणि धर्मपरायण

टावर चौकात आमच्या जुन्या ऑफिसच्या जागी आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. परवा उज्जैनला गेले होते, तेव्हा भाजी घ्यायचं निमित्त करून त्या जिन्यापाशी जाऊन उभी राहिले. जिना तोच, तसाच अंधारा. खालच्या कचोरीवाल्याची कढईसुद्धा जागेवर आहे आणि हिंगाचा वास पूर्वीसारखाच एकेक पायरी चढून वर जातो. माणसं गेली, फर्निचर गेलं, वास कोण काढून नेणार! मी बराच वेळ हलेना, तेव्हा दुकानदारानं विचारलं, "आंटीजी, कौन सा मॉडल है?" मी म्हटलं, "बहुत पुराना है भैया, इसका कव्हर नहीं आता." तो बिचारा मनापासून कॅटलॉग चाळायला लागला.

या जिन्याच्या वर, मागच्या खोलीत बसून मी उज्जैनच्या मेलेल्या माणसांविषयी लिहायचे. हिंदी दैनिक होतं, इंदूरला छापलं जायचं. आमचं पान तिसरं, आणि त्या पानाचा खालचा उजवा कोपरा माझा. वर लिहिलेलं असायचं 'शोक'. नव्वदीची वर्षं होती. गल्लोगल्ली एसटीडीच्या पिवळ्या पाट्या लागत होत्या, गच्चीगच्चीवरून केबलच्या वायरी जात होत्या, गिरणीचा भोंगा बंद पडला होता आणि रंगीत टीव्हीचे खोके दारादारांत दिसत होते. सगळ्यांना सगळं नवं हवं होतं. मरण तेवढं जुन्याच पद्धतीचं चाललं होतं, म्हणून माझी नोकरी टिकून होती.

खरं तर मी बातमीदार व्हायला गेले होते. पण आमचे ब्यूरो चीफ दुबेजी म्हणाले, "मैडम, क्राइम में लफड़ा है, राजनीति में भाषण है. इज़्ज़त सिर्फ शोक में है." मग त्यांनी मला धंद्याचा पहिला नियम सांगितला, की मरे हुए की और मंत्रीजी की बुराई इंदौर से पूछे बिना नहीं छपेगी. दुसरा नियम मी आपोआप शिकले. पुरुष गेला तर 'मिलनसार', बाई गेली तर 'धर्मपरायण', आणि जरा पैसेवाल्यांचं कुणी गेलं तर दोन्ही. ज्या माणसानं जन्मभर शेजाऱ्याच्या नालीत कचरा लोटला, तोही गेल्या गेल्या मिलनसार व्हायचा. एकदा तर शेजारी पेपर घेऊन जिना चढून आला आणि कळकळीनं म्हणाला, "दीदी, फोटो तो उन्हीं का है, पर ये लिखा किसके बारे में है?"

फोटोंची तर वेगळीच तऱ्हा. घरात म्हाताऱ्याचा एकट्याचा फोटो नसायचाच. लग्नाच्या ग्रुपमधून कापून आणायचे, त्यामुळे माझ्या कोपऱ्यातल्या निम्म्या मृतांच्या खांद्यापाशी कुणाचा तरी कान असायचा. एका आजोबांच्या हातात गुलाबजामची वाटी होती आणि चेहरा इतका प्रसन्न, की शोक कुणाला करावा तेच कळेना. संध्याकाळी मजकूर, फोटो, सगळं पाकिटात घालून इंदूरच्या बसच्या कंडक्टरकडे द्यायचं. डिझेलचा धूर, शेंगदाणेवाल्याची हाळी आणि काखेत चार-पाच मेलेली माणसं घेऊन उभी असलेली मी.

घरी आईचा जीव टांगणीला. आम्ही माधव नगरात राहायचो, बाबा बँकेत. मला बघायला पाहुणे आले की प्रश्न ठरलेला, "मुलगी काय करते?" आई म्हणायची, "पेपरात असते." "काय लिहिते?" आई पोह्यांची बशी पुढे करून म्हणायची, "सामाजिक." खरं कळल्यावर बहुतेक मंडळी पोहे संपवून निघून जायची. एक बाई मात्र मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "आमच्या सासूबाईंचं लिहून ठेवशील का गं? आहेत अजून त्या, पण तयारी असलेली बरी."

या सगळ्यात माझा एकच खरा वाचक होता, बापू सबनीस.

बापू आमच्या मागच्या गल्लीत राहायचे. सिंचन खात्यातून रिटायर झालेले, बायको गेलेली, मूलबाळ नाही. कुणाला बागेचा नाद असतो, कुणाला पत्त्यांचा, बापूंना अंत्ययात्रांचा होता. सबनीस मंडळी पिढ्यान् पिढ्या उज्जैनची, पण बापू जातपात, भाषा काही बघायचे नाहीत. मराठी, मालवी, बोहरी, सरदारजी, कुणीही जावो, बापू हजर. अंगात हातविणीचा स्वेटर, खिशात सुतळीचा गुंडा. घरचे रडत असायचे तेव्हा हे त्यांच्या स्वयंपाकघरात शिरून चहा टाकायचे. "बांबू हिरवा घ्या रे, वाळका वाटेत कडकडतो," ही सूचना मी त्यांच्या तोंडून किती घरांत ऐकली असेल! लोक मनात हसायचे, पण आपल्या घरी वेळ आली की पहिला निरोप बापूंनाच धाडायचे.

पोचवून झालं की आंघोळ करून, ओल्या केसांनी बापू आमचा जिना चढायचे. खालून कचोरी मागवायची आणि परीक्षेचा निकाल सांगावा तसं सांगायचं, "चांगली झाली. गर्दी बरी होती. लाकडं जरा ओली. पण मुलानं शेवटपर्यंत गॉगल नाही काढला, ते मला काही पटलं नाही." मग माझा मजकूर डोळ्यांजवळ धरून वाचायचे. "मिलनसार? हा? अगं, याच्या घरची बेल वाजवली तर हा आतून सांगायचा, मी घरी नाही म्हणून."

स्वतःच्या वेळचं त्यांनी सगळं ठरवून ठेवलं होतं. "माझी बातमी यात्रेच्याच सकाळी आली पाहिजे. फोटोसकट. आणि रूट लिहायचा. माधव नगर, टावर चौक, मग पूल, मग चक्रतीर्थाचं स्मशान."

"पण बापू, दवाखान्याकडून, घराकडून, कुठूनही निघालं तरी टावर चौकातून जायचं तर वळसा पडतो."

"पडू दे ना. मला काय घाई आहे?"

टावर चौक का, ते त्यांनी एकदा सांगितलं. बाजार उघडला की तिथून कुणाची यात्रा निघाली, तर दुकानदार गादीवरून उठून उभे राहायचे आणि शटर अर्धं खाली ओढायचे. "तो आवाज ऐकलायस तू? इकडून घर्रर्र, तिकडून घर्रर्र. कापडवाला उठतो, मिठाईवाला उठतो, सोनार उठतो. मी नोकरीभर उठून उभाच राहिलो गं, साहेब आला की. माझ्यासाठी कधी कुणी उठलं नाही. एक वेळ उठू दे." एवढं बोलून त्यांनी कचोरीचा उरलेला तुकडा चटणीत बुडवला. मी हसले नाही. हसण्यासारखंच होतं, पण हसले नाही.

आता मंजूचं सांगायला हवं. बापूंचे चुलतभाऊ दिगूकाका दोन गल्ल्या सोडून राहायचे, मंजू ही त्यांची मुलगी. बापूंचा सगळा जीव तिच्यात. लहानपणी त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून ती शाळेत जायची आणि वाटेत अंत्ययात्रा दिसली की बापू सायकल थांबवायचे, त्यामुळे तिचा पहिला तास नेहमी बुडायचा. तिचं लग्न ठरलं, मांडव पडला, आणि देवक बसायच्या आदल्या दिवशी धारहून तार आली की सबनीसांच्या कुणी म्हाताऱ्या काकू गेल्या. तार आली ती बापूंच्या पत्त्यावर. वाईट बातमी गरम गरम पोचवायची सवय नडली. बापू सायकल हाणत थेट दिगूकाकांच्या मांडवात शिरले आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी तार वाचून दाखवली.

सुतक भाऊबंदांना लागतं, आणि ते लागतं बातमी कानावर पडल्यापासून. कानावर नाही पडली, तर नाही लागत. शिवाय एकदा देवक बसलं की मग कुणी का जाईना, कार्य अडत नाही. शास्त्र काय म्हणतं ते गुरुजींना ठाऊक, आमच्या माधव नगरात हे असं चालायचं. म्हणून तर लग्न निघालं की मराठी घरं पेपर बंद करायची, फोन बाजूला काढून ठेवायची आणि सबनीसांच्या एक आत्या कानात कापूस घालून बसायच्या. आमचा पेपर वाटणारा वैतागायचा, "घर में शादी है तो अखबार से क्या दुश्मनी?" बापूंची तार त्या कापसातूनसुद्धा आत गेली. लग्न पुढे ढकललं, मुलाकडचे बिथरले, मुलगी अपशकुनी म्हणून मोडूनच टाकलं. दिगूकाका बापूंना एक शब्दही बोलले नाहीत. बापूही बोलले नाहीत. पण त्यानंतर त्या घरात जाताना ते उंबऱ्याबाहेरूनच "सगळं ठीक?" विचारायचे आणि परतायचे.

मंजूचं दुसरं लग्न जमायला फार दिवस लागले. शेवटी ग्वाल्हेरचं एक चांगलं स्थळ आलं. माघातला मुहूर्त, टावर चौकाजवळचा हॉल. त्या मुलाची आईसुद्धा पहिल्या मोडलेल्या लग्नाबद्दल दोनदा विचारून गेली होती. या वेळी सुतक आलं असतं, तर मंजूचं लग्न कधीच झालं नसतं. हे सगळ्या कॉलनीला माहीत होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी दवाखान्यातून बापूंचा मला निरोप आला. ते दोन दिवस तिथे होते. दिगूकाकांना त्यांनी सांगितलं होतं, अॅसिडिटी आहे, पंगतीला येतोच.

वॉर्डात फिनेलचा आणि सोललेल्या संत्र्यांचा वास होता. स्वेटर नसलेले बापू मी पहिल्यांदाच पाहिले. केवढे लहान दिसत होते!

"ये, बसून जा. हे बघ, मी गेलो तर उद्या छापायचं नाही."

"काहीतरीच काय बोलता?"

"काहीतरी नाही. डॉक्टर कालपासून माझ्याशी फार गोड बोलतो आहे. मी काय आज पाहतो का ही लाइन? उद्या सकाळी देवक बसू दे. अक्षता पडू दे. एरवी देवकानंतर अडत नाही, पण त्या विहीणबाईला अपशकुनाचं निमित्त नको. पोरगी ग्वाल्हेरच्या गाडीत बसली की मग छापून दे. देवासचा भाचा आहे, त्याला बोलावून घे, तो अग्नी देईल. सबनीसांपैकी कुणालाही कळायला नको."

"पण बापू, पेपरात नाही आलं तर सकाळी लोक कसे येतील? कुणाला कळणार?"

त्यांनी मान खिडकीकडे वळवली. बाहेर कुणीतरी रिकाम्या सलाइनच्या बाटल्या गोळा करत होतं.

"नाही कळणार," ते म्हणाले. "आता त्याला काय करणार?"

"आणि टावर चौक?"

"तिकडून तर बिल्कुल नको. दिगू हॉलच्या दारातच उभा असेल, वऱ्हाडाच्या स्वागताला. मागच्या रस्त्यानं घेऊन जा. पटकन आटपा."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बापूंना ते आवडलं नाही. "रडतेस काय? अजून मी आहे. आणि ऐक, मिलनसार नको लिहूस."

"मग काय लिहू?"

त्यांनी खरोखर विचार केला. "लिही, की अंत्ययात्रांना हजेरी नियमित."

दिवेलागणीला दवाखान्यातून ऑफिसात फोन आला. इंदूरचं पाकीट अजून माझ्या टेबलावर होतं. त्यात बापूंचा फोटो घालायला जागा होती, वेळही होता. मी पाकीट बंद केलं. असलं जड पाकीट मी कधी उचललं नव्हतं, आणि आत तर नेहमीपेक्षा एक माणूस कमीच होता. दुबेजींना सांगितलं, तर ते खुर्चीतून उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "अपना तो ठीक है. दूसरे अखबार का क्या?" दुसऱ्या दैनिकाचा बातमीदार चौकातल्या टपरीवर चहा पीत होता. आम्ही एकमेकांचं तोंड बघत नसू. मी जाऊन सरळ सगळं सांगितलं. त्यानं ग्लास खाली ठेवला. "दीदी, मौत रोकना अपने बस का नहीं. खबर रोक देते हैं." त्या शहरात तेव्हा असं होऊ शकत होतं, आता मला स्वतःलाच ते खरं वाटत नाही.

खांद्याला माणसं हवीत म्हणून मी बाबांना सांगितलं. बाबांनी फक्त एका विश्वासू माणसाला सांगितलं. त्यानं त्याच्या एका विश्वासू माणसाला सांगितलं. छापलेली बातमी उज्जैनमध्ये सकाळी पोचते, न छापलेली तिच्या आधी. उजाडेपर्यंत सबनीस सोडून सगळ्या फ्रीगंजला आणि माधव नगरला कळलेलं होतं.

सकाळी हॉलवर शेवंतीचा, अत्तराचा आणि तळणीतल्या जिलबीचा वास. सनईची कॅसेट मधूनच घसरत होती. दाराशी माझी आई पहाऱ्याला. कुणाच्या हातात पेपर दिसला की ती "अगं बाई, पुडा बांधायला हवाच होता" म्हणून काढून घ्यायची, आज त्यात काही नव्हतं तरीसुद्धा. देवक बसलं. गुरुजींचा आवाज जरा जास्तच मोठा लागला होता, त्यांनाही कुणीतरी विश्वासानं सांगितलेलं असणार.

मग एकेक पुरुष नाहीसा व्हायला लागला. एक गजरे आणायला गेला. एकाची स्कूटर पंक्चर झाली. बाबा म्हणाले, बर्फ घेऊन येतो.

"माघात बर्फ?" दिगूकाकांनी विचारलं.

"मठ्ठ्याला," बाबा म्हणाले आणि चौघांना घेऊन गेले, जसा काही बर्फ खांद्यावरूनच आणायचा होता.

बाबांनी नंतर सांगितलं, की चक्रतीर्थावर इतकी नटलेली अंत्ययात्रा कुणी पाहिली नसेल. कोट, फेटे, कोटाला गुलाबाची कळी, अंगाला अत्तर. लाकडं मोजणारा गोंधळून म्हणाला, "बाबूजी, बारात रस्ता भूल गई क्या?" हार्डवेअरचे बोहरी शेठ होते, सरदारजी होते, कचोरीवाला कढई बंद करून आला होता, आमचा पेपर वाटणारा होता, दुबेजी होते. ज्यांच्या ज्यांच्या बापाला बापूंनी पोचवलं, ते सगळे होते. सबनीस तेवढा एकही नव्हता.

दोन तासांत मंडळी परतली. सगळ्यांचे केस ओले. माघातली थंडी, गार पाण्याची आंघोळ, मंगलाष्टकांमध्ये चारही कोपऱ्यांतून शिंका. ग्वाल्हेरच्या विहीणबाई कौतुकानं म्हणाल्या, "उज्जैनचे पुरुष फार स्वच्छ हो! लग्नाला आल्यावर परत आंघोळ करतात." अक्षता पडल्या. मी मंजूकडे बघायचं टाळत होते. ती फार गोड दिसत होती आणि दर थोड्या वेळानं दाराकडे बघत होती.

दिगूकाकाही येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे, "बापूला कुणी बघून आलं का?" प्रत्येक जण सांगायचा, "हो, हो, एकदम आराम आहे." "आणि देवासचा भाचा?" "बस चुकली त्याची." मी इतक्या मृत्युवार्ता लिहिल्या, पण खोटं बोलताना इतकी माणसं एकदम खाली मान घालताना कधी पाहिली नाहीत.

पंगत उठल्यावर दिगूकाकांनी मला हाक मारली. त्यांच्या हातात डबा होता. "बापूला देऊन ये. वर जिलबी आहे, खाली मसालेभात. डॉक्टर ओरडला तर ओरडू दे. आणि सांग त्याला, मंजूचं झालं. सगळं नीट झालं. त्याला म्हणावं, आता उंबऱ्याच्या आत येत जा."

डबा गरम होता. मी तो घेऊन बाहेर आले आणि हॉलच्या मागच्या पायरीवर बसून राहिले. कुठे जायचं होतं? ऊन अंगावर आलं, आत भांड्यांचा आवाज चालू होता, आणि मी त्या डब्याला पदर गुंडाळून बसले होते, तो निवू नये म्हणून.

आता आमच्या कॉलनीचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. कुणी गेलं की पाच मिनिटांत जोडलेले हात येतात, रांगेनं, शंभर जोड्या. परवाही एक बातमी आली, मीही दोन हात टाकले आणि भाजी निवडायला घेतली. कुणाचे केस ओले झाले नाहीत. तक्रार नाही करत, सोय फार आहे.

त्या दिवशी मंजूची गाडी संध्याकाळी सुटली. स्टेशनवरून घरी परतल्यावर दिगूकाकांना माझ्या हातातला डबा दिसला. त्यांनी घेऊन वजन पाहिलं. "का गं? खाल्लं नाही त्यानं?"

रोजचं माझं हेच काम, आणि एक वाक्य तयार होईना. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांच्या ओल्या फेट्याकडे, मग दारात जमलेल्या सगळ्यांकडे.

"केव्हा?"

मी सांगितलं. बापूंनी काय सांगून ठेवलं होतं, तेही सांगितलं.

"खांदा कुणी दिला?"

एकेक जण आपलं नाव सांगू लागला. दिगूकाका ऐकत राहिले. "म्हणजे सगळ्यांनी," ते म्हणाले. "मी सोडून. माझ्या पोरीचं लग्न वाचवलंत, उपकार झाले तुमचे. पण माझा भाऊ मला न विचारता घेऊन गेलात तुम्ही लोक. मागच्या रस्त्यानं!" त्यांनी डबा घेतला, आत गेले आणि दार लावून घेतलं. आम्ही सगळे लग्नाच्या कपड्यांत बाहेर उभे, शिंकत.

दुसऱ्या दिवशी माझ्या कोपऱ्यात बापू आले. फोटोसकट, आणि एकट्याचा फोटो, कुणाचा कान नाही. मिलनसार लिहिलं नाही. हजेरीचं लिहिलं, आणि इंदूरनं ते न कापता छापलं. दुपारी दिगूकाका आमचा जिना चढून आले. दाढी वाढलेली, अंगावर शाल. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"उद्या अस्थी गोळा करायच्या. यात्रा काढायची आहे. छापून दे. चक्रतीर्थ, पूल, टावर चौक, आणि परत नदी."

मी दुबेजींकडे पाहिलं. नदी चक्रतीर्थाला लागूनच आहे. चार पावलांवरच्या पाण्यासाठी अस्थी सगळं शहर ओलांडून इकडे आणायच्या आणि तेवढ्याच लांब परत न्यायच्या? दुबेजी चाचरत म्हणाले, "भाईसाहब, अस्थियात्रा तो प्रधानमंत्रियों की निकलती है."

"निकलती होगी," दिगूकाका म्हणाले. "मेरा भाई उनसे ज़्यादा लोगों को पहुँचा के आया है."

दुबेजींनी तो मजकूर स्वतःच्या हातानं लिहिला, आणि माझ्या कोपऱ्यात नाही, पानाच्या वर लावला. दुसऱ्या दैनिकानंही लावला.

सकाळी दहाच्या सुमारास पुलावरून रिक्षा उतरली. पुढे दिगूकाका, मांडीवर लाल फडक्यात बांधलेला कलश, शेजारी देवासचा भाचा, कडेला कशीबशी मी. मागे स्कूटर, सायकली, पायी माणसं, आणि या वेळी झाडून सगळे सबनीस, कानात कापूस घालणाऱ्या आत्यासुद्धा. चौक उघडला होता. उदबत्त्या लागल्या होत्या, कापडवाला गादीवर ठाण मांडून पहिल्या गिऱ्हाईकाला साडी दाखवत होता. आधी तो उठला. मग मिठाईवाला, मग सोनार. शटरं खाली यायला लागली, इकडून घर्रर्र, तिकडून घर्रर्र, चौकभर. साडीचं गिऱ्हाईकही साडी हातात धरून उभं राहिलं. दिगूकाकांनी कलशावरचं फडकं थोडं सैल केलं, जसं काही आतल्या माणसाला दिसायला हवं. मला रडू आवरेना, आणि या वेळी रागावायला बापू नव्हते.

टावर चौक काही फार मोठा नाही. बघता बघता टावरला वळसा झाला. शटरं वर जायला लागली, दुकानदार परत टेकले. रिक्षावाल्यानं मागे वळून विचारलं, "बाबूजी, अब नदी की तरफ लूँ?"

दिगूकाकांनी चौकाकडे एकदा सावकाश पाहिलं.

"नहीं," ते म्हणाले. "एक चक्कर और. धीरे."

रिक्षा पुन्हा वळली, आणि नुकतेच बसलेले दुकानदार पुन्हा उठून उभे राहिले.